धुराची गाडी आणि आमचे रातकिडे

पाळीव सरड्यांच्या खाण्यासाठी रातकिडे वाढवायचे तर ऊब हवी, तीस अंशांच्या आसपास ठेवा, हीटर लावा, असं परदेशी माहितीत हमखास वाचायला मिळतं. आमच्या भांडुपच्या गाळ्यात पत्र्याखाली माणसंच शिजत असतात, हीटर कसला लावता! इथली खरी लढाई हवेशी. एका क्रेटमध्ये हजारभर रातकिडे, त्यांची विष्ठा, टाकलेली कात, गाजराचे उरलेले तुकडे, आणि वर सप्टेंबरची दमट हवा. एग्झॉस्टचा पंखा दिवसभर बंद राहिला तर अमोनियाच्या भपकाऱ्याने डोळे चुरचुरतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना लपायला ठेवलेले कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उचलले की तळाशी मेलेल्यांचा थर.

तोच एग्झॉस्ट मी घाईघाईने बंद केला, त्या दिवसाची ही गोष्ट.

आमचा माल जातो पाळीव सरड्यांना. लेपर्ड गेको, बिअर्डेड ड्रॅगन, असली परदेशी मंडळी. (आपल्याकडची घोरपड किंवा आपला शॅमेलिऑन कुणी पाळत असेल तर त्याने आमच्याकडे फिरकू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि शेठ अशा गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवतात.) प्रत्येक आकाराचे क्रेट वेगळे, कारण मोठे रातकिडे बारक्यांना खातात. नुकती कात टाकलेला किडा पांढराफटक आणि मऊ असतो. लपायला जागा नसेल तर भाऊबंदच त्याचा फडशा पाडतात. म्हणून पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे: विष्ठा खाली गळते आणि लपायला घड्या मिळतात. पाणी कधीही उघड्या वाटीत ठेवायचं नाही, पिल्लं बुडतात. ओला स्पंज पुरतो. झाकणाला जाळी स्टीलची, नायलॉनची कुरतडून बाहेर येतात. क्रेटच्या आत वरच्या कडेला गुळगुळीत चिकटपट्टीचा पट्टा, त्यावर त्यांचे पाय ठरत नाहीत.

त्या दिवशी सकाळी शेठ गावाला होते. मी आणि मामा कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचे, डबे बदलत होतो. मादी मागची लांब सुई त्या ओल्या कोकोपीटमध्ये खुपसून अंडी घालते; डबा झाकून उबेत ठेवला की दहा-बारा दिवसांत मुंगीहून बारीक पिल्लं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. फटफटीसारखा, पण एकसुरी. मामांनी डबा खाली ठेवला.

"धूरवाले."

डेंग्यूच्या डासांसाठी जो धूर मारतात, त्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं. ते थेट मज्जातंतूंवर जातं. माणसाच्या मानाने किड्यांवर त्याचा परिणाम कितीतरी पटींनी जास्त, आणि हा डास, हा रातकिडा, असला भेद ते करत नाही. आमचा एग्झॉस्ट आतली हवा बाहेर फेकतो, म्हणजे शटरच्या फटीतून बाहेरची आत ओढतो. आधी त्याचं बटण बंद केलं, मग बाहेर पळाले.

मशीन खांद्याला लावलेला पोरगा विशी-बाविशीचा असेल. मी सांगितलं ते त्याने नीट ऐकून घेतलं, हसला नाही, हेच विशेष. म्हणाला, "ताई, मागच्या चाळीत दोन डेंग्यूचे पेशंट आहेत. आज मारायलाच लागेल."

यावर काय बोलणार? त्या चाळीतल्या आईला जाऊन सांगू, जरा थांबा, माझे किडे आहेत? मी फक्त म्हटलं, आमची ओळ शेवटी घे. "अर्धा तास. त्याच्यापुढे मुकादम ओरडेल," एवढं बोलून तो पलीकडच्या गल्लीत वळला.

शेजारच्या पावडर कोटिंगवाल्या काकांचा टेम्पो रिकामा उभा होता. सगळे क्रेट त्यात मावणं शक्यच नव्हतं. मामांचं म्हणणं, विक्रीचा माल आधी घ्या, त्याचे पैसे रोख येतात. मी अंड्यांचे डबे आणि पैदाशीचे क्रेट आधी चढवले. अंड्यापासून पूर्ण वाढलेला रातकिडा व्हायला सहा-सात आठवडे लागतात. पैदास गेली तर दोन महिने दुकान बंद. उरलेल्या जागेत मधल्या आकाराचे जेवढे बसले तेवढे. बाकीचे आतच. शटर ओढून फटींत जुन्या चादरी कोंबल्या, वर चिकटपट्टी. बंद गाळ्यात त्यांचा जीव कोंडणार हे माहीत होतं, पण तासाभराची कोंडी निभावते, तो धूर नाही.

पवईच्या दिशेने निघालो आणि गांधीनगर जंक्शनला अडकलो, अर्थात. गाडी चालू असताना हादऱ्यांनी रातकिडे गप्प असतात. सिग्नलला इंजिन बंद झालं, ताडपत्रीखाली अंधार, आणि सगळे नर एकदम सुरू झाले. नुसते नरच ओरडतात, पुढचे पंख एकमेकांवर घासून, पण तेवढ्यांचा आवाजही रिक्षांच्या हॉर्नवर मात करत होता. बाजूच्या बाइकवाल्याने हेल्मेटची काच वर करून विचारलं, "काय भरलंय हो?" काका म्हणाले, "देवळातल्या झांजा." मी ताडपत्रीची एक बाजू वर धरून बसले होते, हवा लागावी म्हणून, त्यातून एक काळा पठ्ठ्या बाहेर पडला आणि बाइकच्या टाकीवर बसून पुढे निघून गेला.

परत आलो तेव्हा धूर विरला होता, रॉकेलसारखा वास तेवढा गल्लीभर. शटर वर केलं. पुढच्या रॅकवरचे बहुतेक उताणे पडले होते, मागचे पाय झटकत होते. मेले नव्हते, हेच बघवत नव्हतं. मागच्या भिंतीकडचे क्रेट मात्र जसेच्या तसे, ट्रे हलवला तर उड्या मारत होते.

शेठचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षितच: "मागचे चांगले आहेत ना? मग द्या की." त्या दिवशी डोंबिवलीची ऑर्डर होती, बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लासाठी. ते पिल्लू दिवसाला वीस-तीस किडे सहज खातं. आमचा सगळा धंदा एका गोष्टीवर उभा आहे: किडा जे खातो ते सरड्याच्या पोटात जातं. रातकिड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम नावाला. नुसते तेच खाल्ले तर सरड्याची हाडं वाकतात. म्हणून विकण्याआधी आम्ही दिवसभर त्यांना गाजर, हिरवा पाला, कॅल्शियम चारतो, आणि गिऱ्हाइकाला वरून पावडर लावायला सांगतो. चांगलं जर असं पोचत असेल, तर वाईटही त्याच वाटेने पोचणार. मी म्हटलं, आत राहिलेला एकही क्रेट जाणार नाही. शेठ थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "डोंबिवलीला तूच फोन कर." केला. टेम्पोतल्या मधल्या आकारातले दोन दिवस वेगळे ठेवून पाहिले आणि मग पाठवले.

आत राहिलेले सगळे पिशव्या भरून डीप फ्रीजरमध्ये घातले. थंडीत किडे सुस्तावून जातात आणि तसेच मरतात. नाल्यात टाकायला मामा तयार होते, पण तिथे बेडूक आणि साळुंक्या टपलेल्या असतात.

धूरवाल्या पोराचा नंबर आता वजनकाट्यामागच्या भिंतीवर खडूने लिहिला आहे. आमच्या गल्लीत यायचं असलं की आदल्या रात्री मिस्ड कॉल देतो. काकांनी टेम्पोचं भाडं घेतलं. ताडपत्रीच्या घडीत राहिलेले रातकिडे त्यांच्या गाळ्यात किरकिरत होते, त्याबद्दल वेगळं ऐकवलं ते निराळंच.