माझं पान, हजेरी क्रमांक २७

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं. ‘शाळेच्या शैक्षणिक प्रगतीवर प्रकाश टाकावा’ अशी विनंती आहे. ते काम अध्यक्ष आणि मुख्याध्यापिका माझ्यापेक्षा चांगलं करतील. मला एकाच वर्षाबद्दल लिहायचंय : जून १९७२ ते एप्रिल १९७३, तिसरी ब.

वर्ग कुठला ते सांगायला नको. ज्याच्या भिंतीवर पानशेतच्या पुराची रेघ होती तो, जिन्याजवळचा. मधल्या सुट्टीत उड्या मारूनही आमचा हात तिथवर पोचत नसे. रंगकामात ती रेघ पुसली गेली, हे मला अजून पटलेलं नाही. असो. बाईंचंही नाव लिहीत नाही. त्या काळातल्या कोणालाही ‘तिसरी ब’ एवढंच म्हणून बघा.

मला गणित येत नव्हतं असं नाही. आकडे लिहिता येत नव्हते. ‘पाचशे तीन’ ऐकलं की मी ५००३ लिहायचो. पाचशे म्हणजे ५००, त्यापुढे ३, माझ्या मते बिनचूक. त्रेपन्नचे ३५, कारण ‘त्रे’ आधी ऐकू येतो. आणि एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतंय, नऊही लागणार हे माहीत, म्हणून ६९. दुसरीपर्यंत यावर एकच औषध होतं : दहा वेळा लिहून आण. मी ५००३ दहा वेळा सुवाच्य अक्षरात लिहून न्यायचो.

बाबा पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, कंडक्टर. रात्री सतरंजीवर चिल्लर ओतून झरझर थप्प्या लावायचे. आई माझ्या पाटीकडे बघून म्हणायची, कंडक्टरच्या पोटी हे असं कसं निपजलं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी चिठ्ठी दिली, ‘वडिलांनी येऊन भेटावे.’ बाबा सकाळची ड्यूटी उतरून खाकीतच आले. वर्ग चिडीचूप. मी डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, “तुमचा दिवसाचा हिशोब कसा जुळवता, तेवढं या मुलांना दाखवा.”

“बाई, मी चौथी शिकलेला माणूस. मी काय शिकवणार?”

“शिकवू नका. रोज करता ते करा.”

बाबांनी घाम पुसला आणि खडू घेतला. गड्डीतल्या प्रत्येक तिकिटाला नंबर असतो. गाडी सुटताना वरच्या तिकिटाचा नंबर वेबिलावर, म्हणजे हिशोबाच्या कागदावर, मांडायचा, फेरी संपली की पुन्हा वरचा नंबर मांडायचा. वजा केले की फाडलेली तिकिटं. त्यांनी फळ्यावर सुटतानाचा नंबर लिहिला, ३८७. “पोचल्यावरचा, पाचशे तीन,” बाई म्हणाल्या आणि खडू माझ्या हातात दिला. मी अर्थातच ५००३ लिहिलं.

बाबांनी एक शब्द न बोलता वजाबाकी केली. चार हजार सहाशे सोळा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “स्वारगेट ते शिवाजीनगर एका फेरीत एवढी माणसं? टपावर बसवलीस का रे?”

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, आणि माझ्या मते सगळं तिथेच सुटलं. मग बाईंनी फळ्यावर तीन बाकं काढली. शतकाच्या बाकावर पाच, एककाच्या बाकावर तीन. “मधल्या बाकावर कोणी बसलेलं नाही. पण जागा सोडायची नाही. बसमध्ये जागा धरायला काय टाकतात?”

“रुमाल!”

त्या दिवसापासून शून्याला आमच्या वर्गात रुमाल म्हणत. कोणी चुकलं की बाई एवढंच म्हणायच्या, रुमाल विसरला. बाबा मात्र घरी जाताना कुणाशी बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, बाईंनी मला खुर्ची दिली.

माझ्या शेजारी तेव्हा एक मुलगा बसायचा. दुष्काळाचं वर्ष ते. त्याच्या घरचे कामासाठी पुण्यात आले होते, आणि तो दिवाळीनंतर वर्गात आला. त्याच्या डब्यातही मिलोची, म्हणजे रेशनवरच्या लाल ज्वारीची, भाकरी, माझ्याही. बाबांच्या वजाबाकीचं बरोबर उत्तर, ११६, त्याने वर्गात सगळ्यांच्या आधी सांगितलं, तेही तोंडी. वाचायला उभं केलं की मात्र जोडाक्षरापाशी थबकायचा.

पुढे मी एका सहकारी बँकेत ३६ वर्षं काढली, शेवटची सात शाखाधिकारी म्हणून. माझ्या काळात शाखेचा ताळेबंद कधी अडला नाही, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोकड जुळेना म्हणून नवा रोखपाल घाबरला की मी त्याला म्हणायचो, फरकाला नवाने भाग जातो का बघ. गेला, तर बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडलेत. ५३ चे ३५ झाले की फरक १८. या चुकीचा माझ्याएवढा जुना जाणकार शाखेत दुसरा नव्हता.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेपन्न हे ‘पन्नास तीन’ असंही वाचायला दिलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर आठवडाभर थट्टा चालली होती. मी हसलो नाही. अर्धं वर्ष ३५ लिहिलेल्या माणसाने कशाला हसावं?

परवा शाळेत जाऊन आलो. पूर्वी तिसरीच्या दोन तुकड्या होत्या, आता एकच, तीही भरलेली नाही. ऑफिसबाहेर स्कॉलरशिपवाल्यांच्या नावांचा फलक अजून आहे. २०१७ मध्ये ती परीक्षा चौथीऐवजी पाचवीला गेली, तेव्हा आपल्या चौथीपर्यंतच्या शाळेचा फलक तिथेच थांबला. त्यावर तिसरी ब ची नावं फार नाहीत. वर्गातल्या त्रेचाळीसांपैकी बहुतेक सगळी चौथीत जाताना धडाधडा वाचत होती, त्याचा फलक कोणी लावला नाही.

१९८० मध्ये दहावीचा निकाल लागल्यावर पेढे घेऊन बाईंच्या वाड्यातल्या खोलीवर गेलो. त्यांनी ट्रंकेतून निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही काढली. हजेरी क्रमांकाप्रमाणे प्रत्येकाला एक पान. गुण कुठेच नाहीत, फक्त कोण कुठे अडलंय ते. क्रमांक २७ वर लिहिलं होतं : ‘शे ऐकले की दोन शून्ये. त्रे, पंचे उलटे. तोंडी बरोबर. वडील कंडक्टर, विचारणे.’ खाली ‘जमले’ आणि तारीख.

मी पानं उलटत गेलो. जमले, जमले. शेवटचं पान ४३. ‘जोडाक्षरे. तोंडी हिशोब उत्तम.’ त्याखाली काही नव्हतं.

“फेब्रुवारीत गेले ना रे ते लोक,” बाई म्हणाल्या. “प्र आणि र्प एवढंच राहिलं होतं त्याचं.” मग वही माझ्या हातातून घेतली, पेढा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.