रिक्षा आधी येते, १०८ नंतर

तुर्भ्याजवळ भर पावसात कंपनीची बस उलटल्याचा फोन आला तेव्हा कॅज्युअल्टीत तीनच बेड रिकामे होते. थोड्याच वेळात रिक्षा येऊ लागल्या. रिक्षातून येतात ते बसून येऊ शकणारे: कपाळाला खोक, सुजलेलं मनगट. गंभीर माणसं पत्र्यात अडकलेली असतात, ती १०८ मधून मागाहून येतात. बेड आधी आलेल्यांनी भरले की त्यांना ठेवायचं कुठे? म्हणून आधी कुणाला पाहायचं याची वर्गवारी रंगीत पट्ट्या बांधून बाहेर, पोर्चमध्येच.

"चालता येतंय ना? मग मामांबरोबर त्या बाकांकडे जा." गेले ते हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. उरलेल्यांना प्रत्येकी मिनिटभरही द्यायचं नाही. श्वास नाही? हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही नाही, तर काळी पट्टी, म्हणजे वाचण्याची आशा नाही. आला, तर लाल, म्हणजे सगळ्यांत आधी. श्वास मिनिटाला ३० हून जास्त, लाल. मनगटाला नाडी लागत नाही, लाल. "डोळे मिटा, उघडा" म्हटलेलं कळत नाही, लाल. बाकीचे पिवळे, लाल झाल्यावर. १९८३ साली कॅलिफोर्नियात बसवलेली ही 'स्टार्ट' पद्धत मोठ्यांसाठी आहे. लहान मुलांचे आकडे वेगळे. या फेरीत श्वासमार्ग मोकळा करायचा आणि वाहतं रक्त थांबवायचं, एवढंच. सलाईन लावायला एक जण थांबला की मागची सगळी रांग थांबते. काळी पट्टी बांधताना जीव तुटतो, पण तिथे सीपीआरला दोन माणसं अडकली तर लाल पट्टीवाल्यांना हात उरत नाहीत.

नख दाबून रंग २ सेकंदांत परततो का, हेही पाहतात. त्या दिवशी भिजून सगळ्यांचीच बोटं गार पडली होती, म्हणून आम्ही नाडीवरच भिस्त ठेवली.

दोन चुका झाल्या. एकाची पट्टी शर्टाला बांधली होती. शर्ट कापला आणि पट्टी त्याच्याबरोबर कचऱ्यात गेली. पट्टी मनगटालाच हवी. दुसरी चूक मोठी. हिरव्यांच्या बाकावर एक जण सहकाऱ्याची बॅग मांडीवर घेऊन गप्प बसला होता. बराच वेळ कुणी पाहिलंच नाही. मावशींनी पाणी पुढे केलं तर ग्लास हातात धरवेना. सिस्टरनी नाडी मोजली, १३०. डाव्या बरगड्यांवर पुढच्या सीटच्या दांड्याचा वळ, पोट कडक. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं, डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती. हिरवी सोडून लाल बांधली आणि थेट ओटीत नेलं.

आता त्या बाकांपाशी एक सिस्टर कायम असते. दर १५ मिनिटांनी नाडी आणि श्वास मोजते, वेळ पट्टीवर लिहिते.