झोळीत उद्याचे काही नसते

रामकृष्ण हरी.

१९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे ओस पाडली. तशा काळात रुजलेल्या या परंपरेत आपली शाळाही वाढली. आज सुवर्णमहोत्सव साजरा करताना माधुकरीविषयी, म्हणजे विद्यार्थ्याने दारोदार जाऊन शिजलेले अन्न मागण्याविषयी, लिहावेसे वाटते, कारण देवावर भार टाकणे म्हणजे नेमके काय, हे पाठांतराआधी तिनेच शिकवले.

माधुकरीचे नियम साधे, पण कडक. स्नान, हरिपाठ आणि सकाळचा पाठ झाल्यावर निघायचे. खांद्याला झोळी आणि हातात कडीचा डबा. कोरडे झोळीत, पातळ डब्यात. दारात उभे राहून 'रामकृष्ण हरी' म्हणायचे, थोडे थांबायचे, कोणी आले नाही तर मुकाट्याने पुढच्या दाराला जायचे. घरे पाच-सात. प्रत्येक घरचे चतकोर घ्यायचे, अख्खी भाकरी मिळत असली तरी. शिजलेलेच घ्यायचे. पीठ, तांदूळ, पैसे नाहीत, कारण ते साठवता येतात आणि साठले की उद्याची चिंता आलीच. लागोपाठ दोन दिवस एकाच घरी जायचे नाही.

ही चतकोराची अट महत्त्वाची आहे. दुष्काळी वर्षात घरधनीण अख्ख्या भाकरीला नाही म्हणेल, चतकोराला सहसा म्हणत नाही. चतकोराचा नितकोर झाला तरी दार बंद होत नाही. देव पुरवतो म्हणतात ते असे, अनेक हातांनी थोडे थोडे.

चुकायचे ते बहुधा दोन ठिकाणी. उन्हाळ्यात आमटीच्या डब्यात कोणी ताक ओतून घेतले की दुपारपर्यंत सगळे नासायचे, म्हणून ताक तिथेच पिऊन टाकायचे किंवा नको म्हणायचे. दुसरी चूक मनाची. तूप-पोळीची घरे पाठ व्हायची आणि पत्र्याच्या खोलीपुढून पाय आपोआप भरभर उचलले जायचे. हा त्या माउलीचा अपमान, असे गुरुजी बजावत आणि घरांचा क्रम स्वतः ठरवून देत.

परत आल्यावर सगळ्यांच्या झोळ्या एकत्र रिकाम्या करायच्या. ज्वारी, बाजरी, पोळी असे सगळ्या जातीचे तुकडे आणि एका पातेल्यात दहा घरांची आमटी: कुठली काळ्या मसाल्याची, कुठली नुसत्या मिरचीची. त्यावर तुळशीपत्र, विठोबाला नैवेद्य, आजारी मुलाचा वाटा बाजूला, मग 'वदनी कवळ घेता' म्हणून पंगत. उरलेले गाईला.

इतके असूनही 'देव कुणाला उपाशी ठेवत नाही' हे वाक्य माधुकरीवर शिकलेला माणूस जपून उच्चारतो. १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांची पत्नी 'अन्न अन्न करितां मेली'. तुकोबांनीच ते सांगितले आहे. विश्वास कमी पडला म्हणून ती गेली, असे म्हणायला कोण धजेल? त्याच अभंगात पुढे ते भंगलेले देऊळ सावरण्याचा आणि कीर्तनाचा उल्लेख करतात. धान्य आले नाही, माणूस गेले, तरी देव जवळचाच राहिला. संकटात धरायचा विश्वास तो हा, असे मला मनापासून वाटते. पोट भरण्याची हमी त्यात नाही.

आणि 'भिक्षापात्र अवलंबणें । जळो जिणें लाजिरवाणें' हेही तुकोबांचेच. भाव नसताना देवाच्या नावावर खाणाऱ्यावर त्यांचा हा आसूड आहे. म्हणून माधुकरीला तासाभराहून जास्त वेळ द्यायचा नाही, आणि ज्याचा त्या दिवशीचा पाठ झाला नाही त्याने झोळी उचलायची नाही, हा शाळेचा नियम मला आजही योग्य वाटतो.

आता शाळेत गॅसच्या शेगड्या आहेत, दाते गव्हाची पोती पाठवतात. त्यांचे ऋण मोठे आहे. तरी उत्सव समितीला एक विनंती: दर दशमीला तरी मुलांना माधुकरीला पाठवा. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून ठेवून खाण्याचा मोह त्या दिवशी नको. दोघांची जोडी करा, त्यात एक मोठा असू द्या. नव्या वसाहतीतल्या घरांना आठवडाभर आधी कल्पना द्या, आणि चतकोराची अट मात्र सोडू नका.