तळघरातली लागर आणि कोथरूडची मावशी

रविवार, रात्र

नऊच्या सुमारास ताईच्या चिन्मयचा व्हिडिओ कॉल आला. मिनेसोटात तेव्हा सकाळचे साडेनऊ. जाड स्वेटर घालून तळघरात उभा, समोर पांढरी प्लास्टिकची बादली, तीत त्याची लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवायची बिअर. "मावशी, बुडबुडे बंद झालेत. यीस्ट मेलं वाटतं." आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवल्यावर या प्रश्नाचं उत्तर झोपेतही देता येतं. बुडबुडे कसले बघतोस, घनता बघ. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, तशी ती उतरत जाते.

मग हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती काचेची नळी, निघाला. उंच नळकांड्यात नमुना ओतला, तर वर बोटभर फेस आणि हायड्रोमीटर कडेला चिकटलेला. "गिरकी दे त्याला. फेस बसू दे. आता डोळे पातळीला आण आणि मेनिस्कसच्या, म्हणजे द्रवाच्या वाकलेल्या पृष्ठभागाच्या, तळाशी वाच." वाकून, एक डोळा मिटून वाचलं त्याने: 1.014. सुरुवातीला 1.048 होती. म्हणजे यीस्ट ठणठणीत आहे, घाई याचीच चाललीय. 1.010 ला पोचलं की अल्कोहोल 5 टक्क्यांच्या आसपास होईल.

त्याच्याकडे सामान म्हणाल तर एक मोठं स्टीलचं पातेलं, कापडी पिशवी, थर्मामीटर, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) लावलेली झाकणाची बादली आणि सायफनची नळी. भरडलेलं जवाचं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, पिशवीत घालून 66 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. तेवढ्यात मॉल्टमधली अमायलेज नावाची एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. झाली की नाही ते बघायला मी त्याला आयोडिन आणायला लावलं होतं. पांढऱ्या बशीत दोन थेंब टाकले, काळंनिळं झालं नाही, पोरगा खूश. बारावीच्या प्रॅक्टिकलला एवढा आनंद त्याच्या तोंडावर कधी दिसला नव्हता! नंतर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून दीड तास उकळणं, तेही झाकण न ठेवता. पिल्सनर या फिकट मॉल्टमधून डायमिथाइल सल्फाइड सुटतं. ते वाफेबरोबर गेलं नाही तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास मारतो. थंड झाल्यावर मात्र हात, नळी, बादली सगळं निर्जंतुक हवं, यावर मी जरा जास्तच बोलले असेन.

ही खटपट एका दुपारची. लागर खरी होते ती त्यानंतर, थंडीत.

माझ्या जुन्या वह्यांमध्ये या यीस्टचं नाव सॅकरोमायसिस कार्ल्सबर्गेन्सिस आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्यात एमिल हान्सेनने 1883 मध्ये एका पेशीपासून त्याचं शुद्ध कल्चर वाढवलं. आता त्याला पास्टोरियानस म्हणतात. ते संकरित आहे, आईबापांपैकी एक आपलं पावाचं यीस्ट. दुसऱ्याचा पत्ता बरीच वर्षं लागत नव्हता. 2011 मध्ये त्याचे सगेसोयरे पॅटागोनियाच्या जंगलात सापडले. थंडी सोसायची ताकद या दुसऱ्या घराण्याकडून आलेली. म्हणून 10-12 अंशांवरही ते काम करतं, फक्त सावकाश. सावकाश म्हणून मनुष्यबळ जास्त लागतं: चिन्मयला मी एकाऐवजी दोन पाकिटं टाकायला सांगितली. कॉलेजात असताना पाषाण रोडवरच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संग्रहातून आम्ही यीस्टचे स्लँट, म्हणजे परीक्षानळीत वाढवलेली कल्चर, मागवायचो. मिथिलिन ब्लू टाकून मायक्रोस्कोपखाली बघायचं. निळ्या दिसतील त्या पेशी मेलेल्या, रंगहीन त्या जिवंत. चिन्मयकडे मायक्रोस्कोप नाही, नाहीतर तेही करून घेतलं असतं.

बव्हेरियात 1553 मध्ये उन्हाळ्यात बिअर करायलाच बंदी घातली होती. 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढाच हंगाम, म्हणजे आपल्याकडे साधारण घटस्थापना ते हनुमान जयंती. उन्हाळ्यात बिअर नासायची, नासवणारे कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण हंगाम अचूक धरला होता. पुण्यात तो हंगामही कामाचा नाही. जानेवारीत पहाटे पाषाणला हुडहुडी भरते आणि दुपारी लोक रसवंतीवर उभे असतात. यीस्टला असा चढउतार सोसत नाही.

अर्थात हवा चांगली असती तरी मी हे इथे करणार नव्हते. 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय बादलीभर बिअर करणंही गुन्हाच. अमेरिकेत 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केल्यावर घरच्या बिअरला केंद्राची मुभा मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर! हे ऐकून आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. "अंघोळ करतात की काय?"

आता चिन्मयला पुढचं काम दिलंय. बादली दोन-तीन दिवस वर स्वयंपाकघरात, 17 अंशांच्या आसपास. थंडीत आंबताना डायअसिटिल साठतं, तेच लोण्याच्या वासातलं. ताकाला शोभतं, लागरला नाही. थोडी ऊब मिळाली की यीस्टच ते परत खाऊन टाकतं. संपलं का हे कळायला थोडी बिअर झाकण लावून 60 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, गार करायची आणि हुंगायची. लोणी कढवल्याचा वास आला तर बादली अजून तिथेच राहू दे. नाही आला तर तळघरातल्या जुन्या फ्रिजमध्ये 1-2 अंशांवर महिनाभर.

"महिना? आठवड्यात स्वच्छ दिसेल की."

"दिसेल. गंधकाचा वास तसाच असेल."

बाटल्या भरताना बुडबुड्यांसाठी लिटरला साधारण 6 ग्रॅम साखर, तीही काट्यावर तोलून. चमच्याने अंदाज घेतला तर बाटल्या फुटतील, आणि काचा वेचायला मावशी येणार नाही.

बुधवारी हुंगायच्या वेळी फोन करेल. ताईला यातलं काही ठाऊक नाही. थंडीत इडलीचं पीठ कसं फुगवायचं हे मी तिच्या लेकाला शिकवतेय अशी तिची समजूत आहे, आणि आज दुपारी तिने मला विचारलंसुद्धा, "फुगलं का गं?"