सिनेटची रिकामी जागा आणि गव्हर्नरचा माणूस

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भारतातले नातेवाईक विचारतात, इथे नव्यानं आलेली मराठी मंडळीही विचारतात: अमेरिकेत सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचा, सिनेटचा सदस्य) वारला किंवा मंत्री झाला, की गव्हर्नर आपल्या मर्जीचा माणूस तिथे कसा बसवतो? आणि त्यावरून दोन्ही पक्ष इतके का भांडतात?

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपल्याकडचे राज्यपाल असतात. २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळानं विधान परिषदेसाठी पाठवलेली बारा नावं राजभवनात कशी पडून राहिली, ते सगळ्यांना आठवतं. पण इथला गव्हर्नर वरून नेमलेला नसतो. आपल्या मुख्यमंत्र्यासारखा तो पक्षाचा उमेदवार म्हणून निवडणूक लढवून येतो आणि जागा भरताना पक्ष बघतो.

पूर्वी सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत, आपल्या राज्यसभेच्या सदस्यांसारखे. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनं ती निवड थेट मतदारांकडे आली. जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक घ्यायची. मात्र तोवर तात्पुरता सदस्य नेमायचा अधिकार विधिमंडळ गव्हर्नरला देऊ शकतं, असंही त्यात आहे. अधिकार द्यायचा की नाही हे विधिमंडळाच्या हातात, आणि भांडणाचं मूळ तिथेच.

मी राहते त्या मॅसॅच्युसेट्समध्ये काय झालं ते सांगते. २००४ मध्ये इथले सिनेटर जॉन केरी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. ते जिंकले असते तर त्यांच्या जागी माणूस नेमला असता रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी. विधिमंडळात डेमोक्रॅट्सचं प्रचंड बहुमत. त्यांनी रॉम्नींचा नकाराधिकार मोडून काढला आणि गव्हर्नरचा अधिकारच रद्द केला. जागा रिकामी झाल्यापासून १४५ ते १६० दिवसांत निवडणूक, असा कायदा केला. लोकांना मत देऊ द्या, हे कारण सांगितलं. कारण चांगलंच होतं.

केरी हरले. पाच वर्षांनी, २५ ऑगस्ट २००९ ला, इथले दुसरे सिनेटर टेड केनेडी कर्करोगानं गेले. निवडणूक होईपर्यंत कुणाला तरी नेमण्याची सोय करा, असं पत्र त्यांनी जाण्याआधी लिहिलं होतं. आता गव्हर्नर होते डेमोक्रॅट देवाल पॅट्रिक. त्याच विधिमंडळानं महिनाभरात अधिकार परत दिला आणि पॅट्रिक यांनी पॉल कर्क यांना नेमलं. २४ डिसेंबरला सिनेटमध्ये आरोग्यविम्याचं विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झालं. चर्चा थांबवून विधेयक मताला टाकायलाच ६० मतं लागत होती, आणि त्या साठांत एक मत कर्क यांचं होतं. पुढच्याच महिन्यात पोटनिवडणूक झाली आणि ती जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन यांनी जिंकली.

तो विमा लाखो लोकांच्या कामी आला, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही २००४ चा कायदा आणि २००९ चा कायदा शेजारी ठेवले की मला राग येतो. मी डेमोक्रॅट्सनाच मत देते, म्हणून जास्त येतो.

रिपब्लिकन काही वेगळे नाहीत. केंटकीत त्यांनी २०२१ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर अँडी बेशिअर यांचा नकाराधिकार मोडून नियम केला, की गेलेल्या सिनेटरच्या पक्षानं दिलेल्या तीन नावांतूनच नेमणूक करायची. रिपब्लिकन सिनेटर मिच मॅकॉनेल तिथलेच. वयानं तेव्हा ऐंशीच्या घरात. २०२४ मध्ये तर नेमणुकीचा अधिकारच काढून टाकला. अलास्कात फ्रँक मर्कोव्स्की गव्हर्नर झाले आणि २००२ मध्ये आपल्याच रिकाम्या जागेवर मुलगी लिसा हिला बसवलं. इलिनॉयचे गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच, ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर रिकामी झालेली त्यांची सिनेटची जागा विकायला निघाले आणि तुरुंगात गेले.

त्याच पक्षाचा माणूस नेमा, हा तोडगा अनेकांना न्याय्य वाटतो. मला तो पटत नाही. मतदारांनी एका व्यक्तीला सहा वर्षांसाठी निवडलेलं असतं. ती गेली की ठरवायचा हक्क मतदारांकडेच यायला हवा, पक्षाच्या समितीकडे नाही. संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, नेमणूक चालतच नाही, तिथे निवडणूकच होते. २००९ मध्ये सिनेटर रस फाइनगोल्ड यांनी सिनेटसाठीही तशीच घटनादुरुस्ती सुचवली होती. ती पुढे गेली नाही. ती होईपर्यंत राज्यांनी निदान एवढं करावं: नियम हवा तर बदलावा, पण तो गव्हर्नरची पुढची निवडणूक झाल्यावरच लागू करावा. म्हणजे बदल करताना फायदा कुणाचा होणार, हे कुणालाच ठाऊक नसेल.