ड्रायव्हर बसला, तरी वायफाय नाही: माझा अनुभव

लॅपटॉपवर लिनक्स बसलं, आवाज, ब्लूटूथ, सगळं चाललं. फक्त सेटिंग्जमध्ये वायफाय हा पर्यायच नव्हता. आसपासची नेटवर्कं दिसत नसतील तर गोष्ट वेगळी, पण पर्यायच गायब असेल तर राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका.

आधी टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' (वायफाय-ब्लूटूथ अडवलेलं आहे का ते दाखवणारी आज्ञा) पाहिली. तिथे वायफाय 'सॉफ्ट ब्लॉक्ड' दिसलं तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय'ने सुटतं; हार्ड ब्लॉक असेल तर लॅपटॉपवरचं बटण शोधा. माझ्या यादीत वायफाय मुळी नव्हतंच. मग 'एलएसपीसीआय'ला (आतल्या चिपांची यादी देणारी आज्ञा) 'एनएनके' हा पर्याय जोडून चालवलं. चिप दिसली, पण तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नाही, म्हणजे कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) ती चिप चालवणारा ड्रायव्हरच नव्हता. चौकटी कंसातला चार-चार अक्षरांचा कोड उतरवून घ्या. ड्रायव्हर शोधताना लॅपटॉपच्या मॉडेलपेक्षा तोच उपयोगी पडतो. डीकेएमएसने (आपल्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारं साधन) ड्रायव्हर बांधला, एकही तक्रार नाही.

आणि 'मॉडप्रोब' (ड्रायव्हर कर्नलमध्ये भरणारी आज्ञा) केल्यावर उत्तर आलं: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. कुठली की? कुठली सर्व्हिस? वायफायचा पासवर्ड चुकला असंच कुणालाही वाटेल. खरं कारण सिक्युअर बूट, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय. ते चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या सहीचेच मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे भाग) आत घेतो, आणि घरी बांधलेल्या ड्रायव्हरवरची सही त्याच्या ओळखीची नसते. हे त्या संदेशात एका शब्दाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? 'मोकयूटिल'ला (सिक्युअर बूटच्या कीज सांभाळणारी आज्ञा) 'एसबी-स्टेट' विचारा, सिक्युअर बूट चालू आहे का ते लगेच कळतं.

जो तो सांगतो, 'सिक्युअर बूट बंद करून टाक.' मी नाही केलं. दाराचं कुलूप किल्ली मागतं म्हणून कुणी कुलूप काढून टाकत नाही. 'मोकयूटिल'च्या 'इम्पोर्ट'ने आपली की, म्हणजे ड्रायव्हरवरची सही जिची आहे ती डिजिटल किल्ली, नोंदवायला दिली. त्या वेळी विचारला जाणारा पासवर्ड लॉगिनचा नव्हे. तो एकदाच, पुढच्या बूटला लागतो. त्यात चिन्हं घालू नका, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो.

तो पुढचा पडदा निळा असतो आणि जेमतेम दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं नाही तर गपचूप नेहमीचं बूट सुरू, आणि नोंदणीची विनंती पुन्हा करायची. बटण दाबलं तरी मेनूत पहिलं नाव 'कंटिन्यू बूट'. आपल्याला हवं ते 'एनरोल मोक' (मोक म्हणजे मालकाने नोंदवलेली की) त्याच्याखाली. सवयीने एंटर मारणाऱ्याची तिथे हमखास फसगत. ब्लूटूथ कीबोर्डही इथे चालत नाही. इतक्या महत्त्वाच्या प्रश्नाला इतकी घाई कशाला, हे मला अजून समजलेलं नाही. पण की नोंदली आणि वायफाय आलं, तेव्हा सिक्युअर बूट चालूच होतं, याचा अभिमान आहे.

नंतर जोडणी मधूनमधून तुटायची. नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या सेवेच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरमधल्या फाइलीत 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह' ३ होतं, ते २ केलं (२ म्हणजे वीजबचत बंद), सेवा पुन्हा सुरू केली, थांबलं.

हो, ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट कुठून आणायचं हे राहिलंच! अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि टेदरिंग सुरू करा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कर्नल हेडर्सही (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) तेव्हाच घ्या. कर्नल अपडेट झाल्यावर डीकेएमएस ड्रायव्हर परत बांधतो, सही त्याच कीची असल्याने निळा पडदा पुन्हा येत नाही. हेडर्स नसतील तर मात्र वायफाय पुन्हा गायब. मग ग्रबमधून (लॅपटॉप सुरू होताना येणारा मेनू) जुना कर्नल निवडा आणि हेडर्स बसवा.