मार्चमध्ये व्हात्नायोकुल : एक दिवस हातात ठेवून जा

मार्चच्या मध्यावर आम्ही चौघे आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्याने गाडी चालवत व्हात्नायोकुल हिमनदीपर्यंत गेलो. धास्ती थंडीची होती, पण पारा शून्याच्या आसपासच राहिला. त्रास दिला तो वाऱ्याने. वीक गावातून सकाळी सामान भरून निघालो, तर पुढचा रस्ता वाऱ्यामुळे बंद! तो दिवस खोलीतच मेतकूट-भात खाऊन काढला. एक दिवस जादा ठेवला होता म्हणूनच हिमनदी दिसली. तुम्हीही ठेवाच.

तिथल्या अंदाजात वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये देतात. २० हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो ताशी ७२ किलोमीटर आहे. गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने ते उलटं वळलं तर तो खर्च विम्यात सहसा बसत नाही.

हिमनदीच्या पायथ्याच्या स्काफ्ताफेलहून वाटाड्यासोबत बर्फावर चाललो. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दाते, बांधायचे असतात, त्यासाठी घोट्याच्या वर येणारे, कडक तळाचे बूट हवेत. सह्याद्रीतले आपले हलके बूट तिथे चालत नाहीत. भाड्याने मिळतात, ते घ्या. भेगांमधला बर्फ निळाभोर दिसतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने आतली हवा निघून जाते, आणि असा घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतो. मी हातमोजा काढून त्याला हात लावला. तो क्षण अजून तळहातावर आहे.

बर्फातल्या निळ्या गुहा पाहायच्या असतील तर मार्च म्हणजे हंगामाची अखेर. ऊब वाढली आणि वाटाड्या नको म्हणाला, तर अजिबात हट्ट करू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये इथेच बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला.

योकुल्सारलोन सरोवरात बोटी मार्चमध्ये नसतात, पण काठावर तासभर थांबा. हिमनग एकमेकांना घासताना करकरतात, मधूनच सील डोकं वर काढतो. शंभर वर्षांपूर्वी हे सरोवर नव्हतंच. हिमनदी मागे सरकली, त्या खड्ड्यात पाणी साठलं, आणि ते अजून वाढतंय. हे पाहताना आनंदाबरोबर पोटात कालवतं.

वीकहून पूर्वेला निघताना टाकी पूर्ण भरा. बऱ्याच पंपांवर माणूस नसतो, म्हणून कार्डाचा पिन पाठ हवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे.